उतारावरची सायकल : ट्यूब की ट्यूबलेस?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. सकाळच्या ओपीडीत सोळा वर्षांच्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली. रात्रीपासून पोट दुखते म्हणतो, चिवडा-शंकरपाळे जास्त झाले असतील, एवढेच तिचे म्हणणे. मुलगा पांढराफटक पडला होता, नाडी जलद होती. पोटाला हात लावला तर डाव्या बाजूला पोट ताठ. ‘खांदा दुखतो का रे?’ असे विचारल्यावर त्याने लगेच डाव्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर तर ओरखडाही नव्हता. शर्ट वर केला तेव्हा डाव्या बरगड्यांच्या खाली रुपयाच्या नाण्याएवढा गोल, निळसर वळ दिसला. हे काय म्हणून विचारले, तर तो गप्प. आईला केसपेपर आणायला बाहेर पाठवले, तेव्हा कुठे बोलला.

आदल्या दिवशी दुपारी तो मित्रांबरोबर गावाबाहेरच्या बरडावर सायकल घेऊन गेला होता. टेकाडावरून भरधाव उतरताना पुढच्या चाकाखाली दगड आला. रिम दगडावर खाडकन आपटली, फुस्स असा आवाज झाला, हँडल आडवे झाले आणि हँडलचे टोक पोटात घुसल्यासारखे लागले. तो उठला, कपडे झटकले, सायकल ढकलत घरी आला. घरी सांगितले तर सायकल बंद होईल, म्हणून कोणालाच काही सांगितले नाही.

सोनोग्राफीत प्लीहेला म्हणजे पानथरीला चीर गेलेली आणि पोटात रक्त साचलेले दिसले. त्याच दिवशी त्याला नागपूरला पाठवले. नशीब चांगले, शस्त्रक्रिया लागली नाही. आठवडाभर निगराणीखाली ठेवून तो बरा झाला. तीन आठवड्यांनी त्याचे वडील मला भेटायला आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ती ट्यूब. तिच्यावर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा होत्या. ते म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, माझ्या गाडीले ट्यूबलेस टायर हाये. याच्या सायकललेही ट्यूबलेस घेऊन देलं असतं, तं हे झालं नसतं ना?’

तेव्हा मी ‘पाहून सांगतो’ एवढेच म्हणालो. पुढे मी स्वतः चौकशी केली, वाचले, पंक्चरच्या दुकानात बसून पाहिले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर इथे सविस्तर देतो, कारण हा प्रश्न आता त्यांच्या एकट्याचा राहिलेला नाही.

सायकलचे नवे वेड

जाड गोट्यांचे टायर, पुढे शॉकअप आणि गिअर असलेल्या सायकली आता वणीसारख्या तालुक्याच्या गावातही घरोघरी दिसतात. यामागे चांगली प्रेरणाही आहे. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्या शर्यती डांबरी रस्त्यावरच्या. पण मुलांना मोबाइलवर जे दिसते ते वेगळे असते. दगडधोंड्यांतून, झाडांच्या मुळांवरून, उभ्या उतारावरून सायकल खाली सोडायची. या प्रकाराला ‘डाउनहिल’ म्हणतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये केरळातल्या पोनमुडीला आशियाई माउंटन बाइक स्पर्धा झाली. तिच्यात डाउनहिलच्या शर्यतीही होत्या.

या खेळाची सुरुवात १९७६ च्या सुमारास अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात झाली. तिथली तरुण मंडळी जुन्या जड सायकली डोंगरावर न्यायची आणि मातीच्या वाटेने खाली सोडायची. त्या वाटेला त्यांनी ‘रिपॅक’ असे नाव दिले होते. उतारावर ब्रेक इतके तापायचे, की मागच्या हबातले ग्रीस जळून जायचे आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागायचे. उतार ब्रेकला आणि टायरला काय करतो, याचा पहिला धडा त्या नावातच आहे.

आपल्याकडे खरा डोंगर शोधायचा तर मेळघाटात जावे लागते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे. वणीच्या परिसरात बरडाची टेकाडे आहेत आणि कोळसा खाणीतून काढलेल्या मातीचे मोठे ढिगारे आहेत. या ढिगाऱ्यांवर सायकल चालवायला मुलांना सोडू नका. तिथे जायला मनाई असते. शिवाय ती माती बसलेली नसते, चाकाखालून सरकते, आणि खाली अवजड वाहनांची ये-जा असते. तिथे कोणताही टायर उपयोगाचा नाही.

एका पत्त्याएवढी जागा

टायरमध्ये हवा भरण्याची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये पेटंट केली होती. पण ती खऱ्या अर्थाने रस्त्यावर आणली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी, १८८८ मध्ये. ते गुराढोरांचे डॉक्टर होते. मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार दणके देते, म्हणून त्यांनी तिच्या चाकांवर हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या. म्हणजे सायकलच्या टायरमध्ये हवा आली तीच मुळी एका डॉक्टरने, आपल्या पोराला दणके बसू नयेत म्हणून भरली.

ही हवाच आपल्याला पेलते. सायकल आणि स्वार मिळून नव्वद किलो धरू. त्यातले सुमारे ५५ किलो मागच्या चाकावर येतात. टायरमध्ये ३० पीएसआय हवा असेल (पंपावर आपण ज्याला ‘तीस पॉइंट’ म्हणतो), तर दर चौरस सेंटीमीटरला २.१ किलोचा दाब होतो. म्हणजे जमिनीला टेकलेली टायरची जागा ढोबळमानाने २६ चौरस सेंटीमीटर भरते. पुढच्या चाकाची यापेक्षा कमी. दोन्ही चाकांची जागा मिळून पत्त्याच्या एका पानाएवढीही होत नाही. उतारावर ब्रेक लागणे, वळण घेणे, तोल राहणे हे सगळे तेवढ्याशा जागेवर अवलंबून असते.

हवा ३० वरून २४ वर आणली, तर मागच्या चाकाची जागा २६ वरून साधारण ३३ चौरस सेंटीमीटर होते. टायर मऊ होतो, दगडावर उसळण्याऐवजी दगडाला कवेत घेतो, पकड वाढते, हातांना बसणारे दणके कमी होतात. म्हणून खडकाळ उतारावर थोडी कमी हवा चांगली. डांबरी रस्त्यावर मात्र उलट. तिथे कमी हवेचा टायर ओढायला जड जातो आणि लवकर झिजतो.

आता प्रश्न असा, की ट्यूब असताना हवा किती कमी करता येते?

दोन दातांची खूण

विदर्भातल्या सरकारी डॉक्टरला सर्पदंशाच्या दोन खुणा नव्या नाहीत. त्या ट्यूबवरच्या चिरा पाहिल्याबरोबर मला त्याच आठवल्या. जगभरचे सायकलवाले अशा पंक्चरला सर्पदंशच म्हणतात.

हे होते कसे? हवा कमी असलेला टायर वेगात दगडावर आदळला, की तो पूर्ण दबतो आणि दगड थेट रिमपर्यंत पोहोचतो. रिमला दोन कडा असतात. दगड आणि या दोन कडा यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते आणि दोन ठिकाणी कापली जाते. टायरला बाहेरून काहीच झालेले दिसत नाही. काटा लागला तर हवा हळूहळू जाते. सकाळी चाक बसलेले दिसते, चडफडत आपण पंक्चरवाल्याकडे जातो. चिमटलेल्या ट्यूबची हवा मात्र काही क्षणांत जाते. सपाट रस्त्यावर ही कटकट असते. पण उतारावर, पुढच्या चाकाला, वळणावर असे झाले तर सावरायला वेळच उरत नाही.

म्हणून ट्यूब वापरायची असेल, तर खडकाळ वाटेवर हवा थोडी जास्त ठेवावी लागते. जास्त हवा म्हणजे पकड कमी. पकड हवी तर चिमटा, आणि चिमटा नको तर पकड कमी. ट्यूबवाल्या टायरची उतारावरची खरी अडचण ही आहे.

ट्यूबलेसमध्ये चिमटायला ट्यूबच नसते. टायरची कड रिममध्ये घट्ट बसते आणि टायर व रिम मिळून हवा धरून ठेवतात. त्यामुळे त्याच माणसाला त्याच वाटेवर चार-सहा पीएसआय हवा कमी ठेवता येते. मोटारींसाठी असे टायर १९४७ मध्ये अमेरिकेत आले. डोंगरी सायकलींसाठी नीट जुळवलेली टायर आणि रिमची पद्धत १९९९ मध्ये फ्रान्समधल्या मॅव्हिक कंपनीने टायर बनवणाऱ्या कंपन्यांच्या साथीने आणली. आज डाउनहिलच्या मोठ्या शर्यतींत बहुतेक स्वार ट्यूबलेसच वापरतात. काही जण तर टायरच्या आत फोमची जाड कड्यासारखी पट्टीही बसवतात. त्यामुळे हवा गेली तरी रिम थेट दगडावर आपटत नाही.

चीक आणि रक्ताची गुठळी

मोटरसायकलच्या ट्यूबलेस टायरमध्ये नुसती हवा असते. सायकलचा टायर त्याहून कितीतरी पातळ असतो, म्हणून त्यात एक पातळ द्रव घालतात. त्याला सीलंट म्हणतात. बहुतेक सीलंटमध्ये रबराचा चीक आणि बारीक कण असतात. चाक फिरते तसा हा द्रव टायरच्या आतून सगळीकडे पसरतो. काटा घुसून भोक पडले, की हवेबरोबर द्रव त्या भोकाकडे धावतो, कण तिथे अडकतात, चीक गोठतो आणि भोक बुजते.

डॉक्टरला यात ओळखीचेच काहीतरी दिसते. बोट कापले, की रक्तातल्या प्लेटलेट जखमेपाशी गोळा होतात, फायब्रिनचे धागे त्यांना बांधतात आणि गुठळी होऊन रक्त थांबते. दोन्हीकडे मर्यादाही सारखीच आहे. बारीक भोक आपोआप बुजते. मोठी चीर बुजत नाही. जखमेला टाका लागतो, तसा टायरला बाहेरून रबराची वात घालावी लागते. ती घालायचे छोटे हत्यार खिशात मावते.

आपल्या भागात याचा मोठा फायदा आहे, कारण आपले शत्रू सराटा आणि बाभळीचा काटा. पांदण रस्त्याने शेतात जाऊन आलेल्या सायकलच्या टायरमधून पाच-सहा काटे निघणे नवलाचे नाही. ट्यूबला पाच ठिगळे लावावी लागतील तिथे सीलंट असलेला टायर गुमान चालत राहतो.

ट्यूबलेसची दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून लगेच दुकानात जाऊ नका. ट्यूबलेसच्या काही अटी आहेत, आणि त्या पाळल्या नाहीत तर तो ट्यूबपेक्षा जास्त धोक्याचा ठरतो.

पहिली अट रिमची. मोटरसायकलच्या अलॉय चाकाला तारा नसतात, म्हणून त्यातून हवा जात नाही. सायकलच्या रिमला तारांची भोके असतात. ट्यूबलेससाठी बनवलेल्या रिमचा आतला आकार वेगळा असतो, तिच्यावर हवाबंद टेप लावतात आणि वेगळा व्हॉल्व्ह बसवतात. साध्या रिमवर कसेबसे टायर चढवून, चिकटपट्टी लावून केलेला जुगाड उतारावर चालत नाही. वळणावर टायरला आडवा जोर बसला, की त्याची कड रिमवरून क्षणभर सुटते आणि भसकन हवा जाते. सायकलवाले म्हणतात, टायरने ढेकर दिला. हवा गरजेपेक्षा कमी असेल तर चांगल्या रिमवरही हे होते. तेव्हा ट्यूबलेसची हवा अचानक कधी जात नाही, हा समज चुकीचा आहे.

दुसरी अट सीलंटची. ते वाळते. थंड हवेच्या देशात जे चार-सहा महिने टिकते, ते आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याहून बरेच लवकर सुकून टायरला आतून चिकटून बसते. मग काटा लागला तर थांबवायला आत काहीच नसते. दर दोन महिन्यांनी ते पाहायला हवे, लागेल तसे घालायला हवे.

तिसरी गोष्ट बसवण्याची. टायरची कड रिममध्ये बसवायला एकदम जोरात हवा लागते. हातपंपाने पुष्कळदा जमत नाही, म्हणून लोक कॉम्प्रेसरकडे जातात. आपल्याकडे रस्त्यालगतची टायरची दुकाने कोळशाच्या ट्रकसाठी आहेत. तिथल्या कॉम्प्रेसरचा दाब सायकलच्या टायरच्या मानाने कितीतरी जास्त असतो. दोन-चार सेकंद नळी जास्त धरली तर टायर रिमसकट फुटू शकतो. अशा स्फोटाने डोळा जाऊ शकतो, कानाचा पडदा फाटू शकतो. टायरच्या बाजूवर जास्तीत जास्त दाब छापलेला असतो. तो आधी वाचायचा, थोडी थोडी हवा भरायची, गेजवर पाहायचे आणि तोंड टायरजवळ न्यायचे नाही.

चौथी गोष्ट दुरुस्तीची. ट्यूबचे पंक्चर कोणत्याही खेड्यात निघते. पाण्याचे घमेले, घासायचा कागद, सोल्युशन आणि ठिगळ, एवढ्यावर काम होते. सायकलचा ट्यूबलेस टायर फाटला तर तालुक्याच्या गावीही तो नीट करणारा सापडेलच असे नाही. म्हणूनच ट्यूबलेस वापरणारे जाणते लोकही दप्तरात एक ट्यूब ठेवतात. वेळ आली की टायरमधले सगळे काटे आधी काढायचे, ट्यूब घालायची आणि सावकाश घर गाठायचे. काटे न काढता ट्यूब घातली, तर ती पहिल्याच फेरीत जाते.

ऊन, ब्रेक आणि हवा

हवा तापली की दाब वाढतो. सकाळी २७ अंशांना ३० पीएसआय भरलेला टायर उन्हात उभ्या सायकलवर ५७ अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब साडेचौतीसच्या आसपास जातो. विदर्भाच्या उन्हाळ्यात काळे रबर इतके तापणे अवघड नाही. चांगल्या टायरला एवढ्याने काही होत नाही. पण आधीच काठोकाठ भरलेला, भेगा पडलेला जुना टायर यात जाऊ शकतो.

त्याहून महत्त्वाची ब्रेकची उष्णता. सायकलसह ८५ किलोचा माणूस ५०० मीटर उंची उतरतो तेव्हा चार लाख ज्यूलहून अधिक ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत सव्वा लिटर पाणी उकळते. त्यातली काही वाऱ्यात जाते, उरलेली ब्रेकमध्ये. साध्या सायकलचे रबरी ब्रेक रिमवर घासतात, म्हणजे ती उष्णता थेट ट्यूबला चिकटून असलेल्या रिममध्ये शिरते. लांब घाटात ब्रेक सतत दाबून धरला, तर ट्यूब किंवा तिचे ठिगळ सुटू शकते. म्हणून घाट उतरताना ब्रेक दाबायचा-सोडायचा, मध्येमध्ये थांबून रिम गार होऊ द्यायची. डिस्क ब्रेकमध्ये उष्णता टायरपासून दूर, चाकाच्या मध्यावर राहते. चिखलदऱ्यासारखा उतार उतरायचा असेल, तर टायरच्या आधी ब्रेकवर खर्च करावा, असे माझे मत झाले आहे.

मग घ्यायचे काय?

शाळा, शिकवणी, बाजार आणि सकाळचा व्यायाम यांसाठी सायकल असेल, तर ट्यूबच बरी. स्वस्त, सुटसुटीत, कुठेही दुरुस्त होणारी.

शेतावर, पांदण रस्त्याने रोज जाणे-येणे असेल, तर जाड ट्यूब घ्यावी किंवा ट्यूबमध्येच सीलंट भरून घ्यावे. व्हॉल्व्हची आतली कांडी निघत असेल तर ते जमते. काट्यांचा त्रास बराच कमी होतो.

दगडधोंड्यांच्या उतारावर मुद्दाम सायकल उतरवायचीच असेल, तर ट्यूबलेस सरस आहे, यात शंका नाही. पण त्यासाठी मुळात सायकल त्या कामाची हवी. रिम ट्यूबलेससाठी बनवलेली, टायर रुंद आणि जाड बाजूंचा, डिस्क ब्रेक आणि मजबूत सांगाडा. नुसते गोट्यांचे टायर आणि दिखाऊ शॉकअप असलेली सायकल ही डोंगरी सायकलीसारखी दिसते, एवढेच. तिला ट्यूबलेस लावून ती डाउनहिलची होत नाही.

हवा किती, याचा एकच आकडा नसतो. तरी सुरुवातीला अंदाज म्हणून सांगतो. साठ-सत्तर किलोच्या स्वाराने सव्वादोन इंच किंवा त्याहून रुंद टायर असेल, तर ट्यूबमध्ये मागे ३० ते ३५, ट्यूबलेसमध्ये २४ ते २८ पीएसआय ठेवून पाहावे. पुढे दोन-तीनने कमी. आपल्याकडे बहुतेक सायकलींचे टायर दोन इंचांच्या आसपास असतात आणि त्यांत ट्यूब असते. तिथे ३५ ते ४५ ठेवावे. टायरवर छापलेली मर्यादा मात्र ओलांडू नये. अंगठ्याने दाबून हवा पाहण्याची आपली पद्धत सोडून द्यावी. अंगठ्याला २० आणि ३० मधला फरक नीट कळत नाही, आणि ट्यूब चिमटणार की नाही, हे त्याच फरकावर ठरते. गेज असलेला हातपंप घरात असावा आणि आठवड्यातून एकदा हवा पाहावी. ट्यूब असो की ट्यूबलेस, रबरातून हवा थोडी थोडी झिरपतच असते.

पडल्यावर

टायर कोणताही असो, उतारावर कधीतरी माणूस पडतो. तेव्हा काय पाहायचे, हे घरच्यांना माहीत हवे.

हँडलचे टोक पोटाला लागले असेल, तर बाहेरून जखम दिसो न दिसो, मुलाला दवाखान्यात दाखवा. प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंडाला इजा होऊ शकते आणि त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतो. पोटावर गोल वळ, वाढते दुखणे, उलट्या, चक्कर, अंग गार आणि फिके पडणे, काही लागले नसताना खांदा दुखणे, यांपैकी काहीही असेल तर दुखण्याची गोळी देऊन झोपवू नका. तोंडाने काही देऊ नका, लगेच निघा. १०८ क्रमांकाला फोन करा.

डोक्याला मार लागून उलट्या होत असतील, मूल गुंगीत जात असेल, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येत असेल, तर वेळ घालवू नका. मान दुखत असेल तर त्याला उठवून बसवू नका, मान हलवू नका.

पडताना माणूस हात पुढे करतो. म्हणून मनगट, कोपर आणि गळ्याजवळचे कॉलरबोन ही हाडे जास्त मोडतात. अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखत राहिले, तर पहिला एक्स-रे साफ असला तरी दहा-बारा दिवसांनी पुन्हा दाखवा. तिथले एक छोटे हाड मोडल्याचे सुरुवातीला दिसत नाही, आणि दुर्लक्ष केले तर ते जुळत नाही. मातीत खरचटलेली जखम आधी वाहत्या पाण्याने, साबणाने धुवा. हळद, चुना, पेट्रोल काही लावू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का, ते पाहा.

आणि हेल्मेट. सायकलला कशाला, असे म्हणणारे पालक मला रोज भेटतात. उतारावर सायकल तीस-चाळीसच्या वेगाने सहज जाते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलायचे असते.

वडिलांना दिलेले उत्तर

त्या मुलाच्या वडिलांना मी सायकल घेऊन बोलावले. आम्ही दोघांनी ती ओळखीच्या पंक्चरवाल्याला दाखवली. त्याने मागच्या चाकाची हवा गेजवर पाहिली. १८ भरली. महिनाभर हवा मारली नव्हती, असे मुलाने कबूल केले. पुढच्या चाकातही तेवढीच असणार. रिम साधी होती, तिच्यावर ट्यूबलेस बसला नसता. पुढचा ब्रेक सैल होता. मग पंक्चरवाल्याने हँडलच्या डाव्या टोकाला बोट लावले आणि म्हणाला, ‘साहेब, हे पाहा.’ रबरी मूठ फाटून मागे सरकली होती आणि लोखंडी नळीचे उघडे टोक बाहेर आले होते. त्याचा गोल बरोबर त्या मुलाच्या पोटावरच्या वळाएवढा होता.

मी वडिलांना म्हणालो, ‘भाऊ, चांगल्या रिमवर ट्यूबलेस असता तर कदाचित त्या दगडावर चाक बसले नसते. पण याच ट्यूबमध्ये पस्तीस हवा असती, तरीही ती बहुधा चिमटली नसती. आणि ही मूठ धड असती, तर पडला असता तरी पोटात एवढे लागले नसते.’ टायर बदलायला काही हजार लागतात. हवा मारायला आणि मुठी बदलायला किती लागतात, ते प्रत्येकाला माहीत आहे. ते आधी करा, ब्रेक आवळा, हेल्मेट आणा. त्यानंतरही पोराला उतारावरच जायचे असेल आणि तुम्हाला परवडत असेल, तर ट्यूबलेसचा विचार करा.

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली. हवा कमी होती, मूठ फाटली होती, यापेक्षाही त्या मुलाचा जीव धोक्यात आला तो रात्रभर गप्प राहिल्यामुळे. ‘पडलास तर सायकल बंद’ हे वाक्य आपण काळजीने म्हणतो, आणि मुलगा त्यातून एवढेच शिकतो, की पडल्यावर सांगायचे नाही.

प्लीहा नीट भरून येईपर्यंत तीन महिने त्याची सायकल बंद होती, ती आम्ही केली. आता तो पुन्हा चालवतो. ट्यूबच आहे, पण गेजवाला पंप घरात आला आहे. मागच्या महिन्यात तो पुन्हा पडला आणि गुडघा सोलपटून घेतला. इंजेक्शनसाठी आई त्याला घेऊन आली तेव्हा तिने मला मुद्दाम सांगितले, ‘साहेब, या वेळी घरात पाय ठेवल्या ठेवल्या आधी मलेच सांगितलं त्यानं.’